एक वेदी, अनेक भाषा

धर्मग्राम म्हणजे काय असे कोणी विचारले, तर आपण सहजच चर्चच्या इमारतीकडे बोट दाखवितो. परंतु इमारत म्हणजे धर्मग्राम नव्हे. एका वेदीभोवती जमणारी आणि एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारी माणसे, हा धर्मग्राम होय. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात ही माणसे मराठी, कोंकणी, कन्नड अशा निरनिराळ्या भाषा बोलतात. त्यामुळे श्रद्धा वाटून घ्यावी कशी, हा प्रश्न आमच्याकडे थोडा निराळा आहे.

बेळगावच्या धर्मप्रांताची स्थापना पोप बारावे पायस यांनी १९ सप्टेंबर १९५३ रोजी केली. तत्पूर्वी हा मुलूख काही गोव्याकडे तर काही पुण्याकडे होता. पुढे तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. भाषेच्या वादाने घराघरांत काय कालवाकालव झाली, ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. मिस्सा मात्र त्या काळी लॅटिनमध्ये होई. आणि जी भाषा कोणाचीच नव्हे, तिच्यावरून भांडण तरी कसे व्हावे?

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आदेश प्रसिद्ध केला व लोकभाषेला वाट मोकळी झाली. मिस्सा चालू असता मुकाट्याने जपमाळ ओढणाऱ्या आज्जीला शुभवर्तमान समजू लागले, हा लाभ लहान नव्हे. पण त्याचबरोबर ‘लोकांची भाषा’ म्हणजे कोणाची, हा प्रश्नही वेदीपर्यंत आला.

मायबोलीत श्रद्धा सांगण्याची कल्पना मात्र आमच्याकडे जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार मराठी ओव्या आहेत. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने ओवी आपलीशी केली, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला तीच ओळखीची होती.

आमचे मत असे की, एरवीच्या रविवारी भाषावार निरनिराळ्या मिस्सा असाव्यात. ती गरजच आहे. सणाच्या दिवशी मात्र मिस्सा एकच असावी. एक वाचन मराठीत, दुसरे कन्नडमध्ये, एखादे गीत कोंकणीत. सगळ्यांना सगळे समजणार नाही हे खरे, पण शेजारच्या बाकावरील माणूस कोणत्या भाषेत प्रार्थना करतो ते निदान कानी पडेल. नोव्हेनाचे नऊ दिवस एकेका वाड्याने वाटून घेतले, तर कोणाचे गाणे आधी हा वाद फारसा उरत नाही. मंगळूरकडून आलेल्या घरांत ८ सप्टेंबरचा मारियेच्या जन्माचा सण नव्या कणसांचा असतो. आशीर्वादित दाणे घरच्या पंगतीत सर्वांना मिळतात. गोव्याकडच्यांना क्रुसापुढील लदीन आणि तीनंतरचे उकडलेले चणे प्रिय. (चण्यांच्या वेळी भाषेचा प्रश्न कोणी काढीत नाही!) अशा चाली धर्मग्रामात एकमेकांस दाखवाव्यात, एकमेकांच्या घरी न्याव्यात.

आजाऱ्यांचेही तसेच. १९७३ पासून नेमलेल्या प्रापंचिकांनाही आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेता येतो. तेथे जाणाऱ्याला त्या घरची ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ येत असावी, एवढी तयारी फार नव्हे.

घरातील प्रार्थना मात्र चर्च शिकवू शकत नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आमच्या मुलांना आज्जीची संध्याकाळची प्रार्थना येईनाशी झाली आहे, आणि आज्जी गेली की ती कायमची जाईल. सभासदांनी ती आज्जीच्या तोंडून, तिच्याच शब्दांत, वहीत उतरून घ्यावी. मुलांना देवनागरी जमत नसेल तर रोमन अक्षरांत लिहू द्यावे. ‘ख्रिस्तपुराण’ही प्रथम रोमन अक्षरांतच छापले गेले होते.