टेबल वाईट नाही, त्याची जागा चुकते

बेंबळी गावातल्या शेतकऱ्याने मोबाइलवर सोयाबीनचा भाव शोधला, तर समोर तक्ता येतो: आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. पण त्या पानाचा मेनू, जाहिराती आणि बातम्याही एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेतल्या टेबलात कोंबलेल्या असतील, तर भाव दिसेपर्यंत पान बोटाने आडवं ओढत बसावं लागतं. एकाच पानावर टेबलाचा एक वापर बरोबर, दुसरा चूक.

गैरसमज: टेबलाने पानाची मांडणी करणं हा अडाणीपणा होता.
वस्तुस्थिती: १९९५ मध्ये नेटस्केप १.१ हा ब्राउझर टेबल दाखवू लागला, तेव्हा मजकूर शेजारी-शेजारी बसवायला दुसरा धड मार्ग नव्हता. पानाचं दिसणं ठरवणारं सीएसएस डिसेंबर १९९६ मध्ये आलं, पण ब्राउझरांना ते नीट पचायला बरीच वर्षं लागली. तोवर रिकामी जागा राखायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून लावत. मात्र निव्वळ मांडणीसाठी टेबल वापरू नये, हे १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्येच लिहिलेलं आहे.

गैरसमज: संगणकावर नीट दिसतं ना, मग झालं.
वस्तुस्थिती: ८०० पिक्सेलच्या पडद्यासाठी आखलेले रकाने ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर आपोआप एकाखाली एक येत नाहीत. दुसरी अडचण कानाची. ग्रामपंचायतीच्या पानावर वरच्या ओळीत तीन फोटो आणि खालच्या ओळीत तीन नावं आहेत असं समजा. अंध वाचकाला पान ऐकवणारा स्क्रीन रीडर ओळीने वाचतो: फोटो, फोटो, फोटो, मग नाव, नाव, नाव. सरपंच कोण आणि उपसरपंच कोण, याचा पत्ता लागत नाही.

गैरसमज: म्हणजे टेबल आता हद्दपार झालं.
वस्तुस्थिती: बाजारभाव, परीक्षेचा निकाल, एसटीचं वेळापत्रक यांना टेबलच हवं. रकान्यांची शीर्षकं ‘टीएच’ या टॅगमध्ये दिली, तर स्क्रीन रीडर आकड्याबरोबर ‘कमाल दर’ हेही सांगू शकतो. हीच माहिती ‘डिव्ह’ या साध्या चौकटींचे तुकडे जोडून मांडली, तर दिसायला तक्ता राहतो, पण ऐकणाऱ्याला ओळ आणि रकान्याचं नातं कळत नाही. आणि ई-मेलमध्ये तर मांडणीसाठीही टेबल टिकून आहे. कारण विंडोजवरच्या जुन्या (क्लासिक) आउटलुकने २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन घेतलं, आणि त्याला बरंचसं सीएसएस कळत नाही.

गैरसमज: सीएसएस ग्रिड म्हणजे नाव बदललेलं टेबलच.
वस्तुस्थिती: मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आलेलं ग्रिड फक्त दिसणं ठरवतं. मोठ्या पडद्यावरचे तीन रकाने मोबाइलवर एक करायला सीएसएसच्या दोन-चार ओळी पुरतात. मजकुराला हात लावावा लागत नाही.

कुठे काय वापरायचं, हे ठरवायला रकान्याचं शीर्षक झाकून पाहा. ‘आवक’ हा शब्द झाकला की खालचा आकडा पोरका होतो. तिथे टेबल हवं. मेनूच्या डोक्यावर झाकण्यासारखं शीर्षकच नसतं.