फुलसावंगीचे हेलिकॉप्टर

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे शेख इस्माईल या आठवीपर्यंतच शिकलेल्या, परंतु पत्राकामात निष्णात असलेल्या तरुणाने मारुती ८०० मोटारीचे इंजिन बसवून एकआसनी हेलिकॉप्टर सिद्ध केले. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, चाचणी चालू असतानाच, शेपटीकडील पंख्याचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळल्याने झालेल्या आघातात त्याचा अंत झाला.

मुख्य पंखा ज्या दिशेने फिरतो तिच्या विरुद्ध दिशेने यंत्राचा सांगाडा फिरू पाहतो, ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची अपरिहार्य परिणती होय. ते वळण थोपविण्यासाठी योजिलेला शेपटीचा पंखा लहान असल्यामुळे मुख्य पंख्याच्या कित्येक पट गतीने फिरवावा लागतो. गती दुप्पट झाली की पात्याला मुळातून उपटू पाहणारी ओढ चौपट होते, आणि सांध्यातील केसाएवढी भेगही प्राणघातक ठरते.

इस्माईलच्या कसबाविषयी मला नितांत आदर वाटतो, आणि म्हणूनच हळहळही. कमतरता बुद्धीची नव्हती, तजविजीची होती: नवे पाते प्रथम माणसांपासून दूर, भक्कम आडोशाआड फिरवून पाहावे लागते, आणि तोवर चालकाने आसनावर बसावयाचे नसते.