झेनर डायोडसाठी रोध किती घ्यावा?

झेनर डायोड विभवांतर स्थिर ठेवतो, हे बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवले जाते. फळ्यावर आकृती काढणे सोपे असते : बॅटरी, तिला एकसर जोडलेला रोध आणि भाराला समांतर, उलट दिशेने जोडलेला झेनर. प्रत्यक्ष मंडल जुळवताना मात्र प्रश्न येतो, रोध किती ओहमचा घ्यायचा? तो अंदाजाने घेतला तर एकतर विभवांतर स्थिर राहत नाही किंवा झेनर जळतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका. तिथल्या विद्यार्थ्यांना पाझर तलावाचा सांडवा समजावून सांगावा लागत नाही. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून जाते आणि पातळी सांडव्याच्या उंचीपाशी टिकते. यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. सांडव्यावरून थोडे तरी पाणी वाहत असेल तोवरच पातळी स्थिर असते. ते थांबले की उपशाबरोबर पातळी उतरू लागते. उलट, सांडव्याला न पेलणारा लोंढा आला तर बांध फुटतो. झेनर हा विद्युतप्रवाहाचा सांडवा होय. त्याच्याकडे किती प्रवाह येऊ द्यायचा, हे रोध ठरवतो. म्हणून रोध काढताना टंचाई आणि पूर, दोन्ही तपासावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. वीज गेली तरी प्रयोग चालावा म्हणून १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी वापरली आहे. तिचे विभवांतर नेहमी १२ नसते. उतरलेल्या बॅटरीचे ते सुमारे ११ व्होल्ट, तर चार्जिंग चालू असताना सुमारे १४.४ व्होल्ट असते. आपला भार ५.१ व्होल्टवर चालतो आणि जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. झेनर ५.१ व्होल्टचा, ४०० मिलिवॉट क्षमतेचा आहे. तो नीट काम करण्यासाठी त्यातून किमान ५ मिलिअँपिअर प्रवाह जावा, असे धरू.

आधी टंचाई पाहू. बॅटरी ११ व्होल्टवर आहे आणि भार पूर्ण आहे. रोधातून २० + ५ = २५ मिलिअँपिअर जायला हवेत. रोधाच्या दोन टोकांमध्ये ११ − ५.१ = ५.९ व्होल्ट आहेत.

रोध = ५.९ ÷ ०.०२५ = २३६ ओहम

ही वरची मर्यादा झाली. बाजारात मिळणारे याखालचे जवळचे मूल्य २२० ओहम आहे (लाल, लाल, तपकिरी पट्टे). चौथा पट्टा सोनेरी असेल तर मूल्यात ५ टक्के फरक पडू शकतो. तरी ते २३१ च्या वर जाणार नाही.

आता पूर पाहू. बॅटरी १४.४ व्होल्टवर आहे आणि भार काढून घेतला आहे. सगळा प्रवाह झेनरमधूनच जाणार.

प्रवाह = (१४.४ − ५.१) ÷ २२० = सुमारे ४२ मिलिअँपिअर
झेनरमधील शक्ती = ५.१ × ०.०४२३ = सुमारे २१६ मिलिवॉट

४०० मिलिवॉटच्या झेनरला हे पेलते. रोधातील शक्ती मात्र ९.३ × ०.०४२३ = सुमारे ०.३९ वॉट येते. दुकानात सहज मिळणारा पाव वॉटचा रोध इथे जळेल. एक वॉटचा घ्यावा. चुकून झेनरची दोन टोके एकमेकांना चिकटली तर रोधात सुमारे ०.९४ वॉट शक्ती खर्च होते. एक वॉटचा रोध तेही सोसतो.

फक्त १२ व्होल्ट धरून गणित केले असते तर? उत्तर २७६ ओहम येते आणि आपण २७० चा रोध लावतो. बॅटरी ११ व्होल्टवर उतरली की रोधातून २२ मिलिअँपिअरही येत नाहीत. भाराने २० घेतल्यावर झेनरला दोनसुद्धा उरत नाहीत. ३३० ओहम लावला तर झेनरला काहीच मिळत नाही आणि विभवांतर ४.८ व्होल्टच्या आसपास घसरते. उलट १०० ओहम लावला तर भार काढताच झेनरवर सुमारे ४७० मिलिवॉट पडतात आणि तो जळतो.

मंडल जुळवताना झेनरवरचा पट्टा धन बाजूला ठेवावा. उलटा जोडल्यास सुमारे ०.७ व्होल्टच मिळतात. शिसे-आम्ल बॅटरीच्या तारा एकमेकींना चिकटल्यास फार मोठा प्रवाह वाहून तारा पेटू शकतात, म्हणून बॅटरीजवळच फ्यूज लावावा.

भार २०० मिलिअँपिअर घेणारा असेल तर? याच रीतीने रोध २७ ओहम येतो, पण भार काढल्यावर झेनरमध्ये पावणेदोन वॉट शक्ती खर्च होते. अशा वेळी ७८०५ हा तीन पायांचा नियंत्रक वापरणे शहाणपणाचे. झेनरचे मंडल लहान भारासाठीच योग्य, हे विद्यार्थ्यांना याच आकडेमोडीतून स्वतः काढता येईल.