समुद्राच्या प्रवाहाचा हिशेब ठेवणारे रडार

नगरच्या कापड बाजारात बसून समुद्राची चिंता कशाला, असे आमचे काही व्यापारी बंधू विचारतील. परंतु परदेशाशी होणाऱ्या आमच्या मालाचा रस्ता न्हावाशेवा बंदरातूनच जातो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले आणि मुंबई व न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. वाहून जाणारे कंटेनर कोठे आहेत हे कळल्याशिवाय जहाजे सोडणार कशी? रमजान तोंडावर आला होता. त्या दिवसांत माल अडकणे म्हणजे काय, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच : पाणी कोणीकडे वाहते आहे? त्याचे उत्तर किनाऱ्यावरचे एक खास रडार देते. त्याच्या अँटेनातून साधारण ६० मीटर लांबीच्या रेडिओ लहरी समुद्रावर सोडतात. त्यांच्या निम्म्या, म्हणजे ३० मीटर लांबीच्या पाण्याच्या लाटांवरून त्या जोराने परततात. स्थिर पाण्यावर एवढी लाट किती वेगाने चालते हे शास्त्राला ठाऊक आहे. मोजलेला वेग त्याहून कमी-जास्त भरला तर तो फरक प्रवाहाचा. एकूण वजनातून बारदान वजा करावे, तसाच हा हिशेब.

मात्र एका केंद्राला पाणी आपल्याकडे येते की दूर जाते, एवढेच कळते. म्हणून केंद्रे जोडीने लागतात. दोन्ही मापांचा मेळ घातला की वेग आणि दिशा मिळते व सुमारे २०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवाहाचा नकाशा तयार होतो. हे माप पृष्ठभागाचे असते. वाऱ्याचा जोर वेगळा धरावा लागतो.

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००८ नंतर अशा पाच जोड्या उभारल्या : गुजरात, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि अंदमान. माहिती हैदराबादच्या 'इन्कॉईस' संस्थेकडे जाते. या पाच जोड्यांत महाराष्ट्राचा किनारा नव्हता.

मालाचा विमा बुडालेल्या मालाची भरपाई देतो. उशिरामुळे हातची गेलेली विक्री सहसा देत नाही. म्हणून बंदराच्या सोयी मागताना आमच्या व्यापारी संघटनांनी क्रेन आणि रस्त्यांबरोबर या रडारचेही नाव घ्यावे.