मेरीटवाल्यांनो, मेघनाद साहा वाचा!

आरक्षणाचा विषय निघाला की 'मेरीट'ची टेप वाजू लागते. विज्ञान म्हणजे तर जणू उच्चवर्णीयांना मिळालेले वतनच! या मंडळींना मेघनाद साहा यांचा इतिहास ठणकावून सांगितला पाहिजे.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात, हलक्या मानलेल्या जातीतील गरीब वाण्याच्या घरी साहांचा जन्म झाला. गावात पुढची शाळा नव्हती. दूरच्या गावातील एका डॉक्टरांनी त्यांना आसरा दिला. त्या बदल्यात गाय सांभाळायची आणि आपले ताट आपणच घासायचे. पुढे ढाक्यात गव्हर्नरच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला, त्यात साहांची शिष्यवृत्ती गेली. तरीही ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचले. तिथल्या इडन हिंदू हॉस्टेलात सवर्ण मुलांनी या बुद्धिमान विद्यार्थ्याला आपल्या पंगतीत बसू दिले नाही. शिक्षणाने जात जाते म्हणणाऱ्यांनी ही पंगत आठवावी.

१९१६ पासून ते कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले. १९२० साली त्यांनी आयनीभवनाचे समीकरण मांडले. ताऱ्यांचे वर्णपट वेगवेगळे का दिसतात, याचे उत्तर त्यात होते. भेद मुख्यतः द्रव्याचा नसून तापमानाचा आणि दाबाचा आहे. १९२५ साली सेसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधारे तारे बहुतांशी हायड्रोजनचे असल्याचे दाखवले. माणसांचेही असेच आहे. द्रव्य एकच, परिस्थिती वेगळी!

१९२३ ते १९३८ त्यांनी अलाहाबाद विद्यापीठात अध्यापन केले. पुढे शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झालेले दौलतसिंह कोठारी हे त्यांचेच विद्यार्थी. १९२७ साली साहा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. सारे काही वेदांत आहे म्हणणाऱ्यांचा त्यांनी लेखणीने खरपूस समाचार घेतला. १९५२ साली ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले.

साहा आंबेडकरी चळवळीत नव्हते, हे खरे. पण १९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीच्या चौकशी समितीत ते होते आणि त्या खोऱ्याची योजना मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी पुढे नेली. पाणी आणि वीज गरिबाच्या दारी न्यायची, ही दोघांचीही दृष्टी. १९५६ याच वर्षी देशाने दोघांनाही गमावले. फेब्रुवारीत साहा, डिसेंबरात बाबासाहेब.

साहांना मात्र पुस्तकांनी 'थोर शास्त्रज्ञ' म्हणून ठेवले आणि त्यांची पंगत गाळली. ही पंगत अजून उठलेली नाही. ताऱ्यांवर प्रेम करणाऱ्या, कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होऊ पाहणाऱ्या रोहित वेमुलाला १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या विद्यापीठात मरण जवळ करावे लागले. राखीव प्राध्यापकपदांवर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारणारे हात त्याच पंगतीतले आहेत.

म्हणून बांधवांनो, आपल्या वस्तीतल्या विहारात मुलांना साहांची गोष्ट सांगा. आकाश कुणाच्या बापाचे नाही, हे त्यांना लहानपणीच कळू द्या. जयभीम!