हिरवी पाटी आणि खाडीकाठचा फ्लॅट

कापडाच्या किनारीवर 'शुद्ध सुती' छापलेले असले तरी आम्ही कापडवाले एक धागा काढून जाळून पाहतोच. घर घेताना मात्र आपले व्यापारी बांधव पाटीवर विसंबतात. मुंबई-नवी मुंबईत खाडीकाठच्या 'पर्यावरणपूरक' घरांच्या जाहिरातींत खिडकीतून फ्लेमिंगो दाखवतात. सौर पाणीतापक, पावसाच्या पाण्याची साठवण या सोयी चांगल्याच. वीजबिल हलके होते. पण हरित प्रमाणपत्र म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे.

ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. २०२२ मध्ये खाडीचे ६,५२१ हेक्टर क्षेत्र पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेले. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनापासून ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली, मग जमीन खाजगी का असेना.

हे पक्ष्यांचे लाड, असे कुणी म्हणेल. पण भरतीचे आणि पावसाचे पाणी याच चिखलात मावते. तिथे भराव पडला की ते गाळ्यांत शिरते. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठी नदीकाठचा माल कसा गेला, ते सर्वांना ठाऊक आहे. भिजलेल्या ताग्यांना गिऱ्हाईक कुठले?

तेव्हा बयाणा देण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे पाहावेत. किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशात भूखंड कुठे येतो, ते स्वतःच्या वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावे, बिल्डरच्या नव्हे. 'मंजुरी येतेच आहे' असे उत्तर मिळाले, तर पैसेही मंजुरी आल्यावरच द्यावेत.