मनू विणकराचे सोने

अलीकडे दिघीकडे चार माणसे एकत्र बसली की भाताच्या बियाण्याआधी जमिनीच्या भावाची गोष्ट निघते. बंदर आले, 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने दिघीच्या औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. आता वरकस जमिनीचीही विचारणा होते. पैसा वाईट असे मी म्हणणार नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा गाठीला चार पैसे असण्याची किंमत सर्वांना कळली. पण पैसा माणसाला कसा पोखरतो हे पाहायचे असेल, तर एक जुनी कादंबरी घरात मोठ्याने वाचून दाखवावी.

साने गुरुजी आपल्या शेजारच्या दापोली तालुक्यातले, पालगडचे. त्यांची ‘श्यामची आई’ घरोघर आहे. त्यांचेच ‘मनूबाबा’ मात्र थोड्यांनी वाचलेले असते. ते 1861 साली निघालेल्या ‘सायलस मार्नर’ या इंग्रजी कादंबरीवरून घेतले आहे. लिहिणाऱ्या बाई जॉर्ज इलियट या पुरुषी नावाने लिहीत. त्यांचे वडील जमीनदारांच्या इस्टेटीचे कारभारी, त्यामुळे गाव आणि शेत त्यांना आतून ठाऊक. मनू आणि सोनी ही नावे गुरुजींची घेतो, हकिकत मूळ पुस्तकातली सांगतो.

मनू विणकर. जिवलग मित्राने चोरीचा खोटा आळ घातला, ठरलेले लग्न मोडले, म्हणून तो परमुलखात येऊन राहिला. माणसांवरचा विश्वास उडाला आणि हाती विणकामाची सोन्याची नाणी येऊ लागली. मागापाशी जमिनीतल्या विटा काढून तो ती पुरून ठेवी. रात्री दार लावून बाहेर काढी, मोजी, रास करी. पंधरा वर्षे हेच.

या माणसाला आईने झाडपाल्याची ओळख करून दिली होती. अंगावर सूज आलेल्या एका शेजारणीला त्याने डिजिटॅलिसचे औषध देऊन आराम पाडला होता. (या वनस्पतीतले द्रव्य हृदयाच्या औषधात वापरतात.) पुढे सोन्याचा नाद लागला आणि बांधावरच्या वनस्पतींकडे त्याचे लक्षही जाईना. मला कादंबरीतली ही जागा सर्वांत भयंकर वाटते. चोरी नाही, खून नाही. माणूस रोजच्या वाटेने जातो आणि पायाखालचे झाड ओळखेनासा होतो. पाठ वाकली, नजर अधू झाली, चाळिशीच्या आतच लोक त्याला म्हातारा म्हणू लागले.

मग एका धुक्याच्या रात्री तो जरा बाहेर गेला. दार उघडेच होते. जमीनदाराचा उनाड मुलगा घरात शिरला आणि दोन्ही चामडी पिशव्या घेऊन अंधारात पळाला. त्यात 272 पौंडांहून अधिक रक्कम होती. त्यानंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

पुढे वर्षअखेरच्या रात्री बर्फात एक बाई मरून पडली आणि तिचे दुडदुडते मूल मनूच्या शेकोटीपाशी आले. अधू डोळ्यांना ते पिवळे केस आपले सोनेच परत आल्यासारखे वाटले. हात लावला तर मऊ लागले. तीच सोनी. मुलीला खेळवायचे म्हणजे बाहेर जावे लागते, शेजारणीला विचारावे लागते. ती फुले आणून हातात देई, आणि मनू पुन्हा जुन्या ओळखीची पाने शोधू लागला.

सोळा वर्षांनी शेतांतले पाणी काढण्यासाठी चर खणले. शेतीखात्यातल्या माणसाला हे वाचून कान टवकारावेसे वाटतात! मनूच्या घराजवळच्या दगडखाणीतले पाणी त्यामुळे आटले. तळाशी चोराचा सांगाडा होता आणि बाजूला ते सोने. चोरीच्या रात्रीच, घरापासून हाकेच्या अंतरावर, तो पाण्यात गेला होता.

सोने मनूला परत मिळाले. त्या रात्री मेजावर नाण्यांच्या राशी मांडलेल्या होत्या, पण मनू सोनीकडे बघत बसला होता. सोनीचे खरे वडील, गावचे मोठे जमीनदार, तिला न्यायला आले. तिने नकार दिला. शेजारच्या माळीकाम करणाऱ्या मुलाशी तिचे लग्न झाले. झोपडीपुढे तिला हवी होती तशी फुलबाग झाली. दोन बाजूंना दगडी कुंपण घातले. आपल्याकडे वाडीला गडगा घालतात, तसेच.